गाडी सोडली, नोकरी गेली

१९९४ चा डिसेंबर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन शहर. एका बँकेसमोर लूमिस कंपनीची चिलखती कॅश व्हॅन उभी होती. सहकारी आत गेलेला, चालक एकटाच गाडीत. तेवढ्यात बँकेच्या व्यवस्थापक बाई ‘वाचवा, वाचवा’ ओरडत बाहेर पळाल्या. मागे सुरा घेतलेला माणूस. आजूबाजूला माणसं होती, पण मदतीला कुणी पुढे येईना. चालक खाली उतरला, दार कुलूपबंद केलं आणि धावला. तोवर त्या माणसानं दुसऱ्या एका महिलेला धरलं होतं. चालक आणि त्याचा सहकारी, दोघांनी मिळून त्याला आवरलं.

कंपनीनं चालकाला काढून टाकलं.

नियम साधा होता : चालकानं गाडी सोडायची नाही. पोलिसांनी अडवलं तरी उतरायचं नाही. ‘मी तुमच्यामागून पोलीस ठाण्यात येतो’ असं छापलेलं कार्ड काचेतून दाखवायचं. हा नियम खुळचट नव्हता. आरडाओरड करून चालकाला बाहेर काढायचं आणि गाडी लुटायची, ही चोरांची युक्ती असू शकते. शिवाय आत अडकलेल्या सहकाऱ्याचा आसरा ती गाडीच.

अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर चालतात. ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणायला कारण लागत नाही. मात्र काढण्यामुळे लोकहिताच्या एखाद्या ठाम धोरणालाच धक्का बसत असेल, तर अनेक राज्यांतली न्यायालयं कामगाराची दाद घेतात. चालकानं हाच धागा पकडला.

अडचण अशी की, परक्याला वाचवणं हे तिथे सहसा कायद्यानं बंधनकारकच नाही. फ्रान्समध्ये संकटातल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. अमेरिकेत व्हर्माँट राज्यानं १९६७ मध्ये असा कायदा केला खरा, पण दंड जास्तीत जास्त १०० डॉलर! मग जे करायची सक्तीच नाही, ते केल्याबद्दल नोकरीला संरक्षण कसं मागायचं?

१९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते दिलं. कर्तव्य नसलं तरी माणसाचा जीव समाजाला सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो वाचवायला धावलेल्याला त्यासाठी काढता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. कंपनीचा नियम रद्द झाला नाही. जीव तत्काळ धोक्यात असावा आणि कामगारच वाचवण्याची एकमेव आशा दिसावा, एवढ्यापुरतीच ही फट. कंपनीचा नियमही टिकला आणि माणूसही. निकाल शहाणपणाचाच म्हणायचा.

२०१२ च्या जुलैत फ्लोरिडातल्या हॅलंडेल बीचवर ताशी सव्वाआठ डॉलरवर काम करणारा २१ वर्षांचा जीवरक्षक आपली हद्द सोडून बुडणाऱ्याकडे धावला आणि बडतर्फ झाला. निषेध म्हणून त्याच्या काही सहकाऱ्यांनीही काम सोडलं. गवगवा झाल्यावर त्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीनं नोकरी परत देऊ केली. त्यानं ती नाकारली.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीपासून वाचवतं. त्यापायी बुडालेल्या पाळीबद्दल मालकानं काय करावं, यावर त्यात एक शब्द नाही.