धक्केदार वेगवाढ (मोटारगाडी)

धक्केदार वेगवाढ म्हणजे अॅक्सिलरेटर दाबल्यावर मोटारगाडीने एकसारखा वेग न घेता हिसके देत, अडखळत पुढे जाणे. हाताने गिअर बदलण्याच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी झटके मारते’ असे म्हणतात. एखाद्या सिलिंडरातील ज्वलन चुकत असल्यास ‘मिसिंग’ हा शब्द वापरतात. धक्केदार वेगवाढ हा स्वतंत्र बिघाड नसून लक्षण आहे. त्यामागे इंधन, हवा, ठिणगी, क्लच किंवा इंजिनाचे आधार यांपैकी कोणतेही कारण असू शकते. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी हिसका नेमक्या कोणत्या स्थितीत बसतो हे ठरवणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

पार्श्वभूमी

मुंबई परिसरातील जुन्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. कुर्ला येथे पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी (१०८९ घन सेंमी, चार सिलिंडर) आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० (७९६ घन सेंमी, तीन सिलिंडर) यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कार्बोरेटर होता. २००० सालाच्या सुमारास नव्या गाड्यांत इंधन फवारणारी एमपीएफआय पद्धत रूढ झाली. सिलिंडरांची संख्या निदानात महत्त्वाची ठरते. चारपैकी एक सिलिंडर बंद पडल्यास इंजिनाची सुमारे चौथाई ताकद जाते, तर तीनपैकी एक बंद पडल्यास तिसरा हिस्सा जातो. त्यामुळे तीन सिलिंडरांच्या गाडीत तोच दोष अधिक तीव्र जाणवतो.

निदानाचा क्रम

प्रथम चालवण्याची पद्धत तपासतात. चौथ्या गिअरमध्ये अतिशय कमी वेगावर अॅक्सिलरेटर दाबल्यास निर्दोष गाडीही थरथरते. खालचा गिअर टाकताच हिसके थांबले, तर दुरुस्तीची गरज नसते.

त्यानंतर गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती हळूहळू वाढवतात. इंजिन तेथेच अडखळले, तर दोष इंजिनाच्या बाजूस आहे. ते एकसारखे फिरले, तरी इंजिन निर्दोष ठरत नाही. दुबळी ठिणगी अनेकदा केवळ भार आल्यावरच दगा देते. म्हणून पुढील चाचणी मोकळ्या रस्त्यावर किंवा उड्डाणपुलाच्या चढावर घेतात. चढावर वरच्या गिअरमध्ये लागोपाठ हिसके बसल्यास ठिणगी वा इंधनाचा संशय येतो. अॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना एकेकच ‘धप्प’ असा धक्का बसल्यास इंजिनाचे माउंटिंग किंवा चाकांकडे शक्ती नेणारे सांधे तपासावेत. गाडी जागेवरून निघतानाच थरथरत असेल, तर क्लच प्लेटवर तेल आलेले असणे किंवा प्लेट असमान झिजलेली असणे संभवते. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण आहे.

प्रमुख कारणे

ठिणगी: स्पार्क प्लगचा रंग बरेच काही सांगतो. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो. कोरडी काळी काजळी पेट्रोल अधिक असल्याचे, पांढुरका रंग पेट्रोल कमी पडत असल्याचे, तर तेलकट थर इंजिन ऑइल आत येत असल्याचे सुचवतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत पॉइंट, कंडेन्सर व कॅपही पाहतात. प्लगच्या वायरींना भेगा असल्यास अंधारात बॉनेट उघडून ठिणग्या उडताना दिसतात. इंजिन चालू असताना या वायरींना हात लावणे धोक्याचे असते.

इंधन: तुंबलेला पेट्रोल फिल्टर व दुबळा पंप यांमुळे कमी वेगावर गाडी ठीक चालते, पण वेग वाढताच पेट्रोल अपुरे पडते. कार्बोरेटरमधील अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटल्यास पाय दाबताच क्षणभर गाडी अडते व मग उसळते. कडक उन्हात, वाहतूक कोंडीनंतर पेट्रोलची वाफ नळीत अडकूनही असे होते. इंजिन थंड झाल्यावर हा त्रास जातो.

हवा: कोंदलेला एअर फिल्टर किंवा फुटलेली व्हॅक्यूम नळी पेट्रोल व हवेचे प्रमाण बिघडवते. एमपीएफआय गाड्यांत मळलेली थ्रॉटल बॉडी व सदोष सेन्सरही कारण ठरतात. तेथे स्कॅनरने मिळणारा दोषांक केवळ दिशा दाखवतो. दाखवलेला सेन्सर बदलण्यापूर्वी त्याची वायर व जोड तपासणे आवश्यक असते.

नवी मुंबईतील परिस्थिती

खाडीकाठच्या दमट, खारट हवेमुळे वायरींच्या जोडांवर व बॅटरीच्या टर्मिनलांवर गंज लवकर चढतो. केवळ पावसाळ्यात उद्भवणारे हिसके बहुधा प्लगच्या वायरी व डिस्ट्रिब्युटर कॅपमधील ओलाव्याने होतात. पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या रबरी नळ्या व पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नसल्याने त्यांची नियमित तपासणी करावी लागते.

दुर्लक्षाचे परिणाम

शीव–पनवेल महामार्गावर शिरताना किंवा अवजड वाहनाला ओलांडताना ऐनवेळी वेग न मिळणे अपघातास कारण ठरू शकते. न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळू शकतो. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण बंधनकारक झाले. ते निकामी झाल्यास प्रदूषण चाचणीत गाडी अनुत्तीर्ण होण्याचा संभव असतो. ज्या प्लगच्या बिघाडातून हे घडते, त्या प्लगच्या किमतीच्या अनेक पटींनी कन्व्हर्टर महाग असतो.