एका पैशाचा हिशेब

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत रुपयाची चर्चा असते, पैशाची नसते. परंतु ज्याच्या हाती अखंड रुपया क्वचितच आला, त्या माणसाचे अर्थशास्त्र पैशापासूनच सुरू होते. म्हणून या क्षुद्र नाण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असला पाहिजे.

1957 पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे 64 पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा 1943 पासून मध्ये भोक असलेला पैसा निघाला.

अकोट तालुका कापसाचा. इथे रोख पैसा पिकाबरोबर आला. पण गावकीच्या कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यातच मिळे, आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर असे. रोख मजुरीला मर्जी लागत नाही. पैसा कोणत्याही दुकानात चालतो, त्याला जात नसते, असे म्हणतात. पण आमची आजी सांगे, "पैसा दुरून ठेवा लागे. दुकानदार त्यावर पानी शिंपे, मंगच उचले." पाणी शिंपडल्याने नाण्याची किंमत कमी होत नव्हती, कमी होत होती ती माणसाची.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 ला, दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. हिशेब सोपा झाला, शाळेतील मुलांची पावकी-निमकीच्या जाचातून बरीच सुटका झाली, ही सुधारणा खरीच. पण बदलाचा भार कोणावर पडला, हे पाहावे लागते.

जुना एक पैसा म्हणजे 1.5625 नवे पैसे. अर्ध्याहून अधिक अपूर्णांक पूर्ण धरायचा आणि कमी असेल तर सोडायचा, असा नियम होता. त्यामुळे जुन्या एका पैशाचे दोन नवे पैसे झाले, एका आण्याचे सहा, चवलीचे बारा, पावलीचे पुरते पंचवीस. आता हिशेब करा. रुपयाचा माल एकदम घेणाऱ्याला शंभर पैसेच पडले. पण मीठ, मिरची, गोडेतेल एकेका पैशाचे घेणाऱ्याने तोच माल चौसष्ट वेळा घेतला, तर त्याला 128 नवे पैसे मोजावे लागले. रुपयामागे 28 पैसे अधिक. उलट चवली घ्यायची असणाऱ्याच्या हाती साडेबाराऐवजी बारा आले. कोणी लबाडी केली नाही. कोष्टक सर्वांना सारखेच होते. सारख्या नियमाचा भार मात्र सारखा पडत नाही. ज्याचा व्यवहार लहान, त्याचा अपूर्णांक मोठा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात हाच प्रश्न फार मोठ्या पातळीवर मांडला आहे. रुपयाचे मूल्य घसरले की किमती वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणून निर्यातदाराचा नफा हा देशाचा नफा नसून मजुराच्या खिशातून गेलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. चलनाचा प्रश्न हा वर्गाचा प्रश्न आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

1964 मध्ये 'नया' शब्द गळाला. पुढे ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन पैशांची हलकी नाणी आली. 30 जून 2011 नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, पण बाजारात कोणी घेत नाही. सुट्ट्याऐवजी गोळी हातावर ठेवतात.

नाणे गेले, अपूर्णांक गेला नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. काट्यावरचे वरचे ग्रॅम सोडून दिले जातात तेव्हा ते कोणाच्या बाजूने सोडले जातात, हे बाईला ठाऊक असते. लिहून मात्र कोणी ठेवत नाही. कार्यकर्त्यांनी मजुरीचा दर विचारावा, तसाच अपूर्णांकाचाही हिशेब विचारावा. हंगामभर रोज सुटलेले ग्रॅम वहीत मांडले, तर त्यांची बेरीज किलोत निघते.