जराजन्य दुर्बलता आणि बंद पडलेला पार

जराजन्य दुर्बलता म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे. शरीराची राखीव ताकद इतकी घटलेली असते, की साध्या तापानेही व्यक्ती अंथरुणाला खिळते, अशी ही अवस्था होय. संशोधक लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमकुवत पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन किंवा अधिक खुणा आढळल्यास दुर्बलता, तर एक-दोन आढळल्यास पूर्वदुर्बलता मानली जाते.

यांपैकी कमी हालचालीच्या बाबतीत कोविडकाळाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मार्च 2020 मधील टाळेबंदीत 65 वर्षांवरील व्यक्तींना घरातच राहण्यास सांगण्यात आले. संसर्गाच्या दृष्टीने ते योग्यच होते; तथापि वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत वृद्ध स्त्रीचे चालणे हे स्वतंत्र व्यायाम म्हणून नव्हे, तर भजनी मंडळ, सामुदायिक प्रार्थना, बचत गटाची बैठक, आठवडी बाजार आणि शेतातील निंदण यांच्या ओघात घडत असल्याने, गावचा पार बंद पडून भेटीगाठी थांबताच पायांचे कामही थांबले, हे त्या सल्ल्यात पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना तर भेटीगाठींऐवजी दूरध्वनीचा पर्यायही उपलब्ध नव्हता.

याच जिल्ह्यातील सेवाग्रामच्या 1969 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने गावोगावच्या महिला बचत गटांसोबत आरोग्यकार्य केले आहे, आणि दुर्बलतेची तपासणी अशा गटांमार्फत करणे सर्वांत व्यवहार्य ठरेल. पूर्वदुर्बलता पुष्कळदा उलटवता येते. त्यासाठी स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि आहारात पुरेशी प्रथिने लागतात.