मित्राच्याच तटाखाली

जुलै 1148मध्ये जर्मनीचा राजा कोनराड तिसरा आणि फ्रान्सचा राजा लुई सातवा जेरुसलेमचा तरुण राजा बाल्डविन याला बरोबर घेऊन दमास्कसवर चालून गेले. इतिहासात ही मोहीम दुसरे क्रुसेड म्हणून ओळखली जाते. तिचे निमित्त मात्र दमास्कसमध्ये घडलेलेच नव्हते. 24 डिसेंबर 1144 रोजी मोसुल आणि अलेप्पोचा सत्ताधीश झंगी याने दूर उत्तरेकडचे, फ्रँकांच्या (पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्त्यांच्या) ताब्यातले एडेसा शहर जिंकले होते. त्या बातमीने युरोप हादरला, क्लेअरवोच्या बर्नार्डने गावोगाव प्रवचने दिली आणि हजारो माणसांनी अंगावर क्रूस चढवला. एडेसा गेले झंगीमुळे आणि हल्ला झाला तो झंगीला सर्वांत जास्त घाबरत आलेल्या शहरावर. मला या मोहिमेत त्या युगाच्या युद्धांचे मर्म दिसते. श्रद्धेने माणसे आणली, शस्त्रे आणली, पैसा आणला. पण सीरियातली ख्रिस्ती राज्ये टिकली ती शेजारच्या मुस्लिम सत्तांशी केलेल्या तहांवर. श्रद्धा जेव्हा तहापेक्षा मोठी ठरली, तेव्हा त्या राज्यांनीच किंमत मोजली.

पुरावा जुना आहे. 1092मध्ये सुलतान मलिकशाह वारला, सेल्जुक साम्राज्याचे तुकडे झाले आणि अलेप्पो एका भावाकडे, दमास्कस दुसऱ्याकडे गेले. पहिले क्रुसेड पोचले ते या भाऊबंदकीत. 1115मध्ये सेल्जुक सुलतानाने फ्रँकांविरुद्ध इराणकडून मोठी फौज पाठवली, तेव्हा दमास्कसचा सत्ताधीश तुगतेगीन तिच्या स्वागताला गेला नाही. तो अँटिऑकचा फ्रँक सत्ताधीश रॉजर याच्या जोडीने तिच्याविरुद्ध तळ देऊन बसला. दुरून येणारा स्वधर्मीय सुलतान त्याला शेजारच्या परधर्मीयापेक्षा धोकादायक वाटत होता, आणि त्याच्या जागेवरून पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते. पुढे झंगी दमास्कसच्या दाराशी आला, तेव्हा शहराचा कारभारी उनुर याने जेरुसलेमच्या फुल्क राजाकडे मदत मागितली. दरमहा 20,000 दिनार, ओलीस आणि वर बनियासचा किल्ला असा सौदा ठरला. 1140मध्ये झंगीने माघार घेतली. बनियास मुस्लिम आणि ख्रिस्ती फौजांनी मिळून घेतले आणि ठरल्याप्रमाणे फ्रँकांच्या हवाली झाले.

यावर काही इतिहासकार एक वजनदार आक्षेप घेतात. ते म्हणतात, 1148पर्यंत ही मैत्री उरली होती कुठे? 1147मध्ये जेरुसलेमने उनुरच्या एका बंडखोर अंमलदाराची बाजू घेऊन हौरानवर स्वारी केली. त्याच वर्षी उनुरने आपली मुलगी झंगीचा वारसदार मुलगा नूरुद्दीन याला दिली. मग दमास्कस त्याच्या हाती पडण्याआधी घेणे हा शहाणपणाच होता, असा हा युक्तिवाद. अक्काच्या ज्या बैठकीत हल्ल्याचा निर्णय झाला तिथे स्थानिक सरदारही होते, हेही मान्य करायला हवे. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. वेढ्याच्या वेळी उनुरने स्थानिक फ्रँकांना पाठवलेला निरोप बखरकार इब्न अल-अथीरने नोंदवला आहे: या नव्या लोकांनी दमास्कस घेतले तर तुमचा किनाराही ते तुमच्याकडे ठेवणार नाहीत, आणि मी हरू लागलो तर शहर मोसुलला देऊन टाकीन. वेढा चार-पाच दिवसांतच मोडला. पश्चिमेच्या बागांतून, पाणी आणि फळे सोडून, सैन्य पूर्वेच्या कोरड्या बाजूला का हलले यावर लाचेच्या कथा रंगल्या. मला लाचेची गरज दिसत नाही. नूरुद्दीन आणि त्याचा मोसुलचा भाऊ फौजा घेऊन येत होते, एवढे पुरेसे होते. निर्णायक गोष्ट पुढच्याच वर्षी घडली: 1149मध्ये उनुरने जेरुसलेमशी पुन्हा तह केला. तटाखालून हल्ला झाल्यावरही त्याला नूरुद्दीनपेक्षा फ्रँकच परवडत होते.

मग धर्म हा नुसता बुरखा होता का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुराव्याला धरून नाही. 1096मध्ये नॉर्मंडीच्या रॉबर्टने 10,000 मार्कांसाठी आपली अख्खी डची भावाकडे गहाण टाकली आणि तो पूर्वेला निघाला. धनाच्या हावेने माणूस असा व्यवहार करत नाही. जुलै 1099मध्ये जेरुसलेमच्या मुसलमानांची आणि ज्यूंची झालेली कत्तलही हिशेबातून आलेली नव्हती. दमास्कसच्या वेढ्यात अल-फिंदलावी नावाचा वृद्ध मगरिबी धर्मशास्त्री लढायला बाहेर पडला आणि मारला गेला. ही माणसे मनापासून जगली आणि मेली. फरक आहे तो नव्याने आलेल्यांत आणि रुजलेल्यांत. उनुरचा वकील म्हणून फ्रँकांकडे जाणारा उसामा इब्न मुनकिध सांगतो, की जेरुसलेममध्ये टेंपलर या लढाऊ धर्मपंथाच्या सरदारांनी त्याला नमाजासाठी जागा दिली होती. एका फ्रँकाने त्याला धरून ख्रिस्ती प्रार्थनेच्या दिशेला, पूर्वेकडे वळवले, तेव्हा टेंपलरांनी त्या माणसाला बाजूला काढले आणि उसामाची माफी मागितली: हा नुकताच आपल्या देशातून आला आहे. रुजलेले सगळेच असे नव्हते. शातियोंच्या रेनॉल्ड या फ्रँक सरदाराने कित्येक दशके इथे काढूनही तह मोडून काफिला लुटला आणि सुलतान सलादिनला युद्धाचे कारण दिले. पण रेनॉल्डच्या हट्टाची किंमतही त्या राज्यांनीच मोजली.

1149मध्ये उनुर मेला. त्याच्यामागे आलेल्या सत्ताधीशाने जेरुसलेमला खंडणी दिली, आणि दमास्कसच्या लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडत गेला. ज्यांनी काल आपल्या बागा तोडल्या त्यांनाच आज पैसे का द्यायचे, हा प्रश्न कोणत्याही शहराने विचारला असता. एप्रिल 1154मध्ये नूरुद्दीन आला, तेव्हा फारसा प्रतिकार न होता शहर त्याच्या हाती गेले. सेल्जुकांच्या फुटीनंतर अलेप्पो आणि दमास्कस प्रथमच एका हाताखाली आले. पुढे सलादिनने ती दोन्ही इजिप्तशी जोडली. या जोडणीत त्याने 1174 ते 1186 यांतली कितीतरी वर्षे मुस्लिम प्रतिस्पर्ध्यांशी झगडण्यात घालवली. 4 जुलै 1187 रोजी हत्तीनला फ्रँकांची फौज संपली आणि 2 ऑक्टोबरला जेरुसलेम पडले. तेव्हा जेरुसलेमच्या राजाला हाक मारायला दमास्कसमध्ये स्वतंत्र सत्ता उरलीच नव्हती.