आर्किटेक्चर निर्णय नोंदींचे क्रमांकन

आर्किटेक्चर निर्णय नोंदींचे क्रमांकन म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेविषयी घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयांच्या लेखी नोंदींना क्रमांक देण्याची पद्धत होय. अशा प्रत्येक नोंदीत एकच निर्णय, त्याची पार्श्वभूमी आणि त्याचे परिणाम दिलेले असतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एडीआर' असे म्हणतात.

उगम

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ही पद्धत रूढ झाली. नोंदी सोर्स कोडसोबतच ठेवाव्यात, त्यांना चढत्या क्रमाने क्रमांक द्यावेत आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरू नये, असे त्यांनी सुचवले.

क्रमांकाचे स्थैर्य

निर्णय बदलला तरी जुनी नोंद काढून टाकली जात नाही. उदाहरणार्थ, नोंद ७ मधील डेटाबेसची निवड नोंद २३ ने बदलल्यास ७ ची स्थिती 'नोंद २३ द्वारे अधिक्रमित' अशी लिहिली जाते. कोडमधील टिपांत आणि इतर नोंदींत 'नोंद ७ पाहा' असे उल्लेख असतात. तो क्रमांक दुसऱ्या निर्णयाला दिल्यास हे उल्लेख वाचकाला चुकीच्या नोंदीकडे नेतात.

अंकसंख्या

फाइलींची नावे अक्षरक्रमाने लावल्यास '१०' हे '२' च्या आधी येते. हे टाळण्यासाठी क्रमांकाआधी शून्ये जोडतात. नायगार्ड यांच्या मांडणीत क्रमांक तीन अंकी होता. 'एडीआर-टूल्स' हे साधन आणि 'एमएडीआर' हा नमुना यांत तो चार अंकी असतो. 'एडीआर-टूल्स'मध्ये अशा नोंदी ठेवण्याचा निर्णय हीच नोंद ०००१ असते.

क्रमांकांची पुनरुक्ती

दोन विकासक गिटच्या वेगवेगळ्या शाखांवर काम करत असताना दोघेही पुढचा एकच क्रमांक घेऊ शकतात. शीर्षके भिन्न असल्याने फाइलींची नावेही भिन्न असतात; त्यामुळे शाखा एकत्र करताना गिट हा दोष दाखवत नाही. त्यावर पुढील उपाय प्रचलित आहेत:

• शाखा मुख्य शाखेत विलीन करतानाच क्रमांक देणे.
• क्रमांकाऐवजी दिनांक वापरणे. 'लॉगफोरब्रेन्स' या साधनात अशी पद्धत आहे.
• पुल रिक्वेस्टचा क्रमांक वापरणे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या बदल-प्रस्तावांत मसुद्याला आधी ०००० क्रमांक असतो व नंतर पुल रिक्वेस्टचा क्रमांक दिला जातो.

मर्यादा

क्रमांकावरून नोंदीचा क्रम कळतो. तिचे महत्त्व किंवा ती सध्या लागू आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीत स्थिती लिहिणे आवश्यक असते.