चौकट : खानदेशच्या उन्हात तग धरणारी बोन्साय

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांजवळ जातो. इथे पाइन-मेपलचा हट्ट धरू नये. बांधावरच्या झाडांकडे वळावं.

चिंच ही माझी पहिली पसंती. पानं मुळातच बारीक, त्यामुळे हातभर उंचीचं झाडही जुनं, भारदस्त दिसतं. चिंचोके रात्रभर भिजवून पेरले तरी रोप येतं, फक्त धीर हवा. संध्याकाळी पानांच्या जोड्या मिटू लागतात, तेव्हा कुंडीतली चिंच शेतातल्या चिंचेसारखीच झोपी जाते. हे एकदा तरी जवळून पाहावं.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक ही सगळी चिवट. पडक्या भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप पावसाळ्यात मुळांसकट अलगद काढावं. फुलांची हौस असेल तर बोगनवेल, डाळिंब, कामिनी. नवशिक्यानं जेड लावावं, पाणी मात्र बेतानं.

अंजनाचा मोह मलाही होतो. सातपुड्यातलं हे आपलं झाड, त्याचं जोडपान देखणं. पण सोटमूळ खोल जाणारं, त्यामुळे उथळ कुंडीत ते सहज रमत नाही.

कुंडीत आपली काळी माती नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते आणि बारीक मुळं तुटतात. मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्यावं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी हिरव्या जाळीची सावली.