शिवकालीन वेशासाठी चामड्याची भेट

ऐतिहासिक वेशात कापडाची बाजू सहज जमते. अंगरखा गल्लीतला शिंपी शिवून देतो, शेला घरच्या पेटीत निघतो, मंदील भाड्याने मिळतो. अडते ते चामड्याच्या वस्तूंपाशी. कमरेचा पट्टा, तलवारीचे म्यान, बटवा, ढाल, पायताण या वस्तू बहुधा ऐन वेळी रेक्झिनच्या किंवा प्लास्टिकच्या आणल्या जातात आणि मिरवणूक अर्ध्यावर येण्याआधीच उसवतात. म्हणून अशा हौशी माणसाला हाताने शिवलेली चामड्याची वस्तू भेट देणे फार उपयोगाचे ठरते. फक्त ती नीट पारखून घ्यावी लागते.

भिवंडी परिसरात या हौसेला निमित्ते भरपूर. भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव ठाणे-भिवंडी रस्त्यालगतच्या गोदामांसाठी आज ओळखले जाते, पण हा परिसर शिवचरित्रातलाही आहे. कल्याण आणि भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. याच तालुक्यात मराडेपाडा येथे शिवाजी महाराजांच्या मंदिराचे लोकार्पण १७ मार्च २०२५ रोजी, तिथीनुसार येणाऱ्या शिवजयंतीला झाले. जवळच्या डोंबिवलीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती प्रथा गावोगाव पसरली. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि ६ जूनचा रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा धरला, तर मावळ्याचा वेश वर्षातून अनेकदा अंगावर चढतो.

ही हौस मराठी मुलखापुरती नाही. अमेरिकेत १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये पहिली ‘रेनेसाँ फेअर’ भरली. सोळाव्या शतकातल्या युरोपचा वेश करून दिवसभर वावरण्याची ही जत्रा आता तिथल्या कितीतरी राज्यांत भरते. तिथेही पट्टा आणि त्याला लटकणारी थैली यांना पहिला मान असतो. कारण सरळ आहे. त्या काळच्या कपड्यांना आजच्यासारखे खिसे नव्हते. आपल्याकडेही पैसे कनवटीला लावत, सुपारी-चुना बटव्यात ठेवत. म्हणून भेट निवडताना पहिला प्रश्न असा असावा की ही वस्तू अंगावर कुठे बसणार आणि काय पेलणार. आज बटव्यात मोबाईल जाणार असेल, तर तो मोबाईलच्या मापाचाच शिवून घ्यावा. त्याने वेशाला काही कमीपणा येत नाही.

चामड्याची पारख डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. म्हशीचे कातडे जाड आणि दणकट असते. पट्टा, ढाल, पायताणाचा तळ यांना तेच हवे. शेळीचे कातडे पातळ आणि मऊ असल्याने बटव्याला किंवा म्यानाच्या आच्छादनाला शोभते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथल्या कारागिरांची भिस्त मुख्यतः याच दोन कातड्यांवर आहे. कातडे कमावण्याचे मार्ग दोन. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावलेले चामडे सुरुवातीला कडक, फिकट बदामी असते. वापराने ते गडद होते आणि अंगाचा आकार घेते. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे लवकर तयार होते, मऊ आणि पाण्याला अधिक टिकाऊ असते, पण त्याला आकार देणे किंवा त्यावर नक्षी ठोकणे अवघड. शिवकालीन वेशाला पहिलेच शोभते. वस्तूची कड पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला आत तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापडाचा थर दिसतो. शिवणीकडेही लक्ष द्यावे. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याने, दोन सुया समोरासमोर घालून केलेल्या हातशिवणीचा एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीचा दोरा सुटला की ती उसवत जाते.

पट्ट्याचे माप हा भेट देणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा. पँटच्या मापावर मागवलेला पट्टा अंगरखा आणि शेल्यावर बसतच नाही. माप वेश चढवून घ्यावे आणि छिद्रे दोन्हीकडे राखून ठेवायला सांगावे. तलवारीसाठी पट्टा खांद्यावरून तिरका घ्यायचा असेल, तर माणूस उजवा की डावखुरा हेही विचारावे. उजव्या हाताच्या माणसाची तलवार डाव्या कुशीला लटकते.

म्यानाचे काम सर्वांत नाजूक. चांगले म्यान नुसत्या चामड्याचे नसते. आत लाकडाच्या दोन फळ्या जोडून पात्याच्या आकाराची पोकळी केलेली असते आणि वर चामडे चढवून शिवलेले असते. ओल धरणारे चामडे थेट पात्याला लागले तर पाते गंजते, म्हणून लाकडी अस्तर लागते. वक्र तलवारीचे म्यान सरळ धोपेला चालत नाही. म्हणून पाते कागदावर ठेवून त्याची आकृती काढून कारागिराला द्यावी. खरी धारदार तलवार भेट देण्याच्या फंदात मात्र पडू नये. शस्त्र कायदा, १९५९ चे निर्बंध तिला लागू होतात. बोथट, सजावटीच्या तलवारीला सुबक म्यान ही भेट कितीतरी शहाणपणाची.

पूर्वीच्या नावाजलेल्या ढाली गेंड्याच्या कातडीच्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद आहे, आणि ते योग्यच आहे. जुनी म्हणून कोणी विकत असेल तरी घेऊ नये. म्हशीचे कातडे भिजवून साच्यावर ताणून वाळवले की तशीच टणक, किंचित फुगीर ढाल तयार होते. पुढच्या चार फुलांखाली मागच्या मुठीच्या कड्यांचे रिवेट दडलेले असतात. फुले नुसती चिकटवलेली असतील, तर ढाल भिंतीवर लावण्यापुरतीच आहे असे समजावे. मुठीमागे बोटांना लागणारी गादीही पाहावी.

पायताणासाठी कोल्हापूरला पर्याय नाही. ढोर समाजाने कातडे कमावायचे आणि चर्मकारांनी रापी-आरीने कापून शिवायचे, अशी ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राजर्षी शाहू महाराजांनी तिला आश्रय दिला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे जिल्हेही आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब अशा चपला मांडल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि मूळ भारतीय असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. अस्सल चपलेत खिळा नसतो. तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. कापशी हा घाट वेशाखाली विशेष उठून दिसतो. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. म्हणून ती मिरवणुकीच्या आदल्या दिवशी देऊ नये, निदान पंधरा दिवस आधी द्यावी.

वळहून धारावी जवळ आहे. काळा किल्ला परिसरातल्या दुकानांत पट्टे आणि बटवे मापाने करून मिळतात. मोठा सण तोंडावर असताना तिथे घाईचे काम मागू नये. हातकामाला वेळ लागतो, आणि कारागिराने सांगितलेल्या किमतीत त्या वेळेचा हिशेब असतो. घासाघीस केली की तो हिशेब आधी चामड्याच्या जाडीतून आणि टाक्यांतून वळता होतो.

कोकणच्या पावसात चामड्यावर बुरशी धरते. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावी. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा शेगडीपाशी नव्हे. वाळल्यावर फडक्याने तेलाचा हलका हात द्यावा. बटव्याला थेंबभर पुरते. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते. भेटीच्या पुड्यात असे एक फडके, तेलाची लहान बाटली आणि वस्तू शिवणाऱ्याचे नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पट्ट्याची वादी तुटली तर दुरुस्तीला कुणाकडे जायचे, ते घेणाऱ्याला त्यावरून कळते.